फुलरीन कशात विरघळतं आणि कशात नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात रसायनशास्त्र घरात चहाबरोबर निघतं. कुणाचे वडील कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले असतात, कुणाची वहिनी नंदेसरीच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला असते. १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं आणि तिथे मुलांना कापड रंगवायचं रसायन शिकवायला सुरुवात झाली. तेव्हापासून हा विषय या गावात मुरलेला आहे. मी बरीच वर्षं प्रयोगशाळेत काढली, त्यामुळे इथली मराठी मुलं आणि कधी त्यांचे आईवडीलही मला फुलरीनबद्दल विचारत असतात. तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्र वाचता येईल. जिथे दुसरीकडे सविस्तर लिहिलं आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. फुलरीन म्हणजे नेमकं काय? ग्रॅफाइटचाच प्रकार का?

कार्बनचाच प्रकार, पण ग्रॅफाइटचा नव्हे. सी-६० मध्ये कार्बनचे ६० अणू फुटबॉलच्या शिवणीसारखे जोडलेले असतात: १२ पंचकोन, २० षट्कोन आणि आत पोकळी. अणूंच्या केंद्रांपासून मोजलं तर या पिंजऱ्याचा व्यास सुमारे ०.७ नॅनोमीटर भरतो. हॅरॉल्ड क्रोटो, रॉबर्ट कर्ल आणि रिचर्ड स्मॉली यांनी १९८५ साली अमेरिकेतल्या राइस विद्यापीठात तो शोधला, आणि १९९६ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यासाठीच मिळालं. घुमटाकार इमारती बांधणारे बकमिन्स्टर फुलर यांच्या नावावरून हे नाव पडलं. सी-७० हा त्याचा थोडा लांबट भाऊ. खाली नुसतं ‘फुलरीन’ लिहिलं असेल तिथे सी-६० समजा.

२. कोळसा, ग्रॅफाइट, हिरा कशातच विरघळत नाहीत. मग हाच कार्बन कसा विरघळतो?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न हा. हिऱ्यात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना पक्का बांधलेला असतो आणि हे जाळं खड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड असतं. त्यातून एक अणू द्रवात न्यायचा तर रासायनिक बंध तोडावे लागतात, आणि ते द्रावकाचं, म्हणजे विरघळवणाऱ्या द्रवाचं, काम नव्हे. ग्रॅफाइटच्या एका थरातही हेच घडतं.

फुलरीनचा प्रत्येक पिंजरा मात्र स्वतःपुरता पूर्ण आहे. खंडेराव मार्केटमध्ये मोसंब्यांचा ढीग रचलेला असतो तो आठवा. आतल्या प्रत्येक मोसंब्याला १२ मोसंबी टेकलेली असतात, पण एकही दुसऱ्याला चिकटलेलं नसतं. सी-६० च्या स्फटिकात गोळे असेच रचलेले असतात आणि त्यांना फक्त रेणूरेणूंमधली क्षीण ओढ धरून ठेवते. खोलीच्या तापमानाला तर प्रत्येक गोळा जागच्या जागी गिरक्या घेत असतो, आपल्या गरब्यात रिंगण न मोडता प्रत्येक जण फिरतो तसा. एक गोळा उचलून द्रवात न्यायला कुठलाही बंध तोडावा लागत नाही.

याच गुणामुळे फुलरीन जगाच्या हाती लागलं. १९८५ मध्ये ते फक्त उपकरणाच्या आलेखावरची एक रेघ होतं. १९९० साली वोल्फगांग क्रेचमर, डोनाल्ड हफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेलियम वायूत ग्रॅफाइटच्या कांड्यांची वाफ करून काजळी गोळा केली आणि ती बेंझिनमध्ये टाकली. द्रव वाइनसारखा लालसर झाला. कार्बनने एखाद्या साध्या द्रवाला रंग द्यावा, हे त्याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

३. ‘टोल्युईनमध्ये चांगलं विरघळतं’ असं वाचलं. चांगलं म्हणजे किती?

२५ अंश सेल्सिअसला एक मिलिलिटर टोल्युईनमध्ये सुमारे २.८ मिलिग्रॅम. ऐकून निराश होऊ नका. कपाटातली डांबरगोळी याच टोल्युईनमध्ये १०० ग्रॅममागे ५० ग्रॅमहून जास्त विरघळते. त्या मानाने फुलरीन कंजूस आहे, आणि त्याचं कारण गोळ्यांच्या आपसांतल्या ओढीत सापडतं. एकेका जोडीतली ओढ क्षीण असली तरी एका गोळ्याला १२ शेजारी आहेत आणि प्रत्येकाशी तो बऱ्याच पृष्ठभागाने लागलेला आहे. एक मोल फुलरीन स्फटिकातून मोकळं करायला साधारण १८० किलोज्यूल लागतात, डांबरगोळीच्या नॅफ्थॅलीनला सुमारे ७३. ही किंमत द्रावकाने भरून काढली तरच विरघळणं घडतं.

बाकीचे आकडेही त्याच तापमानाचे आणि त्याच एककातले देतो: हेक्झेनमध्ये ०.०४, क्लोरोफॉर्ममध्ये ०.१६, बेंझिनमध्ये १.७, क्लोरोबेंझिनमध्ये ७, कार्बन डायसल्फाइडमध्ये ७.९, टेट्रालीनमध्ये १६, ऑर्थो-डायक्लोरोबेंझिनमध्ये २७, १-मिथाइलनॅफ्थॅलीनमध्ये ३३ आणि १-क्लोरोनॅफ्थॅलीनमध्ये ५१. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे थोडे पुढेमागे होतात, पण क्रम साधारण हाच राहतो.

४. मग सगळे ५१ वाला द्रावक सोडून टोल्युईन का वापरतात?

विरघळवणं हे अर्धंच काम आहे. नंतर द्रावक उडवून फुलरीन परत मिळवायचं असतं. टोल्युईन १११ अंशाला उकळतं, रोटरी बाष्पित्रावर (चंबू फिरवत द्रावक उडवणाऱ्या यंत्रावर) निमूट निघून जातं. १-क्लोरोनॅफ्थॅलीन २६० अंशांच्या आसपास उकळतं. ते काढताना तुमचा दिवस जातो आणि तरी वास राहतो. ऑर्थो-डायक्लोरोबेंझिनचा उत्कलनबिंदू १८० अंश. पातळ थर ओतायचा असेल, सौर घटासाठी वगैरे, तर हळू सुकणं फायद्याचं ठरतं आणि तिथे तोच चांगला.

कार्बन डायसल्फाइड उत्तम विरघळवतं आणि ४६ अंशालाच उडतं, पण विद्यार्थ्यांच्या हातात मी ते देत नाही. त्याची वाफ ठिणगीशिवाय, ९० अंशांच्या आसपासच्या नुसत्या तापलेल्या पृष्ठभागावरही पेट घेते. बेंझिनचा तर विचारच नको. त्याने रक्ताचा कर्करोग होतो हे पक्कं सिद्ध झालेलं आहे, आणि टोल्युईन त्याच्याहून जास्त विरघळवतं.

५. पाणी, स्पिरिट, ॲसिटोन?

नाही. इथेनॉल आणि ॲसिटोनमध्ये मिलिलिटरमागे ०.००१ मिलिग्रॅमच्या आसपास, मिथेनॉल आणि ॲसिटोनायट्राइलमध्ये त्याहूनही कमी, आणि पाण्यात जवळजवळ शून्य. पण या नकाराचा उपयोग होतो: टोल्युईनमधल्या फुलरीनवर आयसोप्रोपिल अल्कोहोल हलक्या हाताने, थर न मोडता सोडलं की दोन्हींच्या सीमेवर केसासारखे बारीक स्फटिक वाढतात. ‘पाण्यात विरघळवलेलं फुलरीन’ मिळतं त्याबद्दल प्रश्न १४ पाहा.

६. ‘सारख्यात सारखं विरघळतं’ असं शिकलो. तो नियम इथे चालतो का?

अर्धवट चालतो, आणि जिथे अडतो तिथे शिकण्यासारखं बरंच आहे. फुलरीन अध्रुवीय आहे आणि त्याच्या पृष्ठभागावर पाय-इलेक्ट्रॉन (π, म्हणजे वलयांवर पसरलेले सैल इलेक्ट्रॉन) आहेत, त्यामुळे बेंझिनवलय असलेले द्रावक पुढे राहतात आणि दोन जोडवलयं असलेले, म्हणजे नॅफ्थॅलीनच्या कुळातले, त्याहून पुढे. इथवर नियम बरोबर.

आता एक पायरी पुढे जाऊ. द्रवाच्या रेणूंची एकमेकांवर किती पकड आहे हे हिल्डेब्रँडच्या अंकाने मोजतात, आणि द्राव्याचा व द्रावकाचा अंक जवळ असेल तर विरघळतं असा ठोकताळा आहे. फुलरीनचा अंक २० च्या आसपास धरतात, टोल्युईनचा १८.२ आहे. छान. पण टेट्राहायड्रोफ्यूरान, ज्याला आपण टीएचएफ म्हणतो, त्याचा अंक १९ च्या आसपास, म्हणजे टोल्युईनपेक्षाही जवळचा. तरीही टीएचएफमध्ये फुलरीन जवळजवळ विरघळत नाही. क्लोरोफॉर्मची गतही तीच.

दुसरं उदाहरण ट्रायमिथाइलबेंझिनचं. तेच अणू, तेच वलय, तेच तीन मिथाइल गट. १,२,४ अशी मांडणी असेल तर मिलिलिटरमागे जवळपास १८ मिलिग्रॅम आणि १,३,५ असेल, म्हणजे मेसिटिलीन, तर फक्त १.५. एका अंकात हा फरक मावणारच नाही. द्रावकाचे रेणू गोळ्याभोवती कसे बसतात, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तळाशी उरलेल्या घन पदार्थात ते शिरतात का, यावर बरंच अवलंबून असतं. हे दुसरं कारण बहुतेक जण विसरतात. प्रश्न ८ मध्ये ते उलगडलं आहे.

७. मी आणि मैत्रिणीने दोघींनी झायलीन वापरलं. तिचं जास्त विरघळलं, माझं कमी. चुकलं कोण?

बहुधा कुणीच नाही. झायलीनचे तीन प्रकार आहेत. ऑर्थोमध्ये फुलरीन सर्वांत जास्त विरघळतं, मेटामध्ये सर्वांत कमी, आणि दोन्हींत कित्येक पटींचा फरक पडतो. दुकानात नुसतं ‘झायलीन’ म्हणून मिळतं ते तिन्हींचं मिश्रण असतं, त्यात इथाइलबेंझिनही येतं. कॅन बदलला की प्रमाण बदलतं. आकडे जुळवायचे असतील तर एकाच प्रकाराची, एकाच लॉटची बाटली दोघींनी वापरा.

८. गरम केल्यावर जास्त विरघळायला हवं ना? मग मे महिन्यात माझ्या बाटलीच्या तळाशी काळी भुकटी कशी साचली?

असाच प्रश्न मला पहिल्यांदा पडला तेव्हा बाटली माझ्याच हातात होती. जानेवारीत, बडोद्याच्या हिवाळी सकाळी, मी टोल्युईनमध्ये संपृक्त द्रावण, म्हणजे ज्यात आणखी काही विरघळणार नाही असं, बनवून गाळून ठेवलं होतं. जांभळं, काचेसारखं स्वच्छ. मे महिन्यात बाहेर ४२ अंश, खोलीत एसी नाही. कपाट उघडलं तर तळाशी मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढे काळे स्फटिक चमकत होते. झाकण घट्ट होतं, पातळी तीच होती, म्हणजे द्रव उडालेलाही नव्हता. उन्हाने द्रावण नासलं असं समजून मी ते टाकून द्यायला निघालो होतो.

त्यात नासण्यासारखं काही नव्हतं. १९९३ साली रुऑफ आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की हेक्झेन, टोल्युईन आणि कार्बन डायसल्फाइड या तिन्हींमध्ये फुलरीनची विद्राव्यता (जास्तीत जास्त किती विरघळतं ते) २८० केल्विनच्या, म्हणजे साधारण ७ अंश सेल्सिअसच्या आसपास सर्वाधिक असते. त्याखाली कमी आणि त्यावरही कमी. साखर किंवा सोरा यांची सवय असलेल्या आपल्याला हे उलटं वाटतं.

कारण तळाशी आहे. थंडीत संपृक्त द्रावणाच्या तळाशी असलेलं घन शुद्ध फुलरीन नसतं. टोल्युईनचे रेणू गोळ्यांच्या फटींत बसून त्याचा एक जोडस्फटिक झालेला असतो, एका सी-६० मागे दोन टोल्युईन. हा जोडस्फटिक मोडून विरघळवायला उष्णता लागते, म्हणून तापमान वाढवलं की विरघळणं वाढतं, आपल्या नेहमीच्या अनुभवासारखं. एका ठरावीक तापमानाला मात्र फटींतलं टोल्युईन सुटून जातं आणि तळाशी शुद्ध फुलरीन उरतं. शुद्ध फुलरीन टोल्युईनमध्ये विरघळताना थोडी उष्णता बाहेर टाकतं. जी क्रिया उष्णता बाहेर टाकते ती तापवल्यावर मागे फिरते, हा ल शातेलिएचा नियम अकरावीत शिकलेला असतो. म्हणून तिथून वर तापमान चढलं की विद्राव्यता उतरते.

थोडक्यात, रेषा एक दिसत असली तरी तिचे दोन तुकडे आहेत आणि प्रत्येक तुकड्याच्या तळाशी वेगळा पदार्थ आहे. ‘किती विरघळतं’ विचारण्याआधी ‘तळाशी काय आहे’ हे विचारायची सवय मला त्या बाटलीने लावली. ऑर्थो-झायलीनमध्ये हे शिखर ३० अंशांच्या आसपास येतं, म्हणजे आपल्या खोलीतच.

ती बाटली मी रात्रभर १० अंशाला ठेवून मधूनमधून हलवली. स्फटिक पुन्हा विरघळले.

९. सी-७० चंही असंच होतं का?

टोल्युईनमध्ये नाही. तिथे तापमान वाढलं की त्याची विद्राव्यता सरळ वाढत जाते. खोलीच्या तापमानाला ती मिलिलिटरमागे सुमारे १.४ मिलिग्रॅम आहे, म्हणजे सी-६० च्या निम्मी.

१०. काळी भुकटी विरघळल्यावर जांभळी का दिसते? माझं तर तपकिरी आलं.

शुद्ध सी-६० टोल्युईनमध्ये जांभळं दिसतं, पिकल्या जांभळाचा रस पाण्यात पातळ केल्यासारखं. त्याचे रेणू अतिनील प्रकाश जोरात शोषतात, आणि दृश्य प्रकाशात ५४० व ६०० नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा-पिवळा भाग थोडासा. निळा आणि तांबडा आरपार येतात, आणि दोन मिळून जांभळा. सी-७० चं द्रावण विटकरी लाल दिसतं.

तपकिरी आलं असेल तर तीन शक्यता. एक, सी-७० मिसळलेलं आहे. त्याचा रंग गडद असल्याने थोडंसं असलं तरी झाकोळून टाकतं. दोन, द्रावकात अमाइन, म्हणजे अमोनियाच्या कुळातलं संयुग, आहे (प्रश्न १५). तीन, जांभळ्या द्रावणात ॲसिटोनायट्राइलसारखा न मानवणारा द्रव घातला असेल, तर गोळ्यांचे पुंजके बनून रंग पिवळट-तपकिरीकडे झुकतो.

११. किती वेळ ढवळायचं?

दिवसभर, शक्यतो दोन दिवस. वरचे कण पटकन रंग देतात आणि झालं असं वाटतं, पण समतोल सावकाश येतो. झाकण बंद, अंधारात, तापमान कायम. चोवीस तासांनी आणि अठ्ठेचाळीस तासांनी मोजून आकडा तोच आला तर संपृक्त झालं. तळाशी न विरघळलेलं थोडं दिसलंच पाहिजे. सगळं विरघळलं असेल तर तुम्ही विद्राव्यता मोजलेलीच नाही, टाकलेलं वजन मोजलं आहे.

१२. विरघळलेलं मोजायचं कसं? माझे आकडे दर वेळी वेगळे येतात.

संपृक्त द्रावण गाळा, ठरलेल्या पटीत पातळ करा आणि अतिनील-दृश्य वर्णपटमापकावर ३३५ नॅनोमीटरच्या आसपासचं शोषण बघा. टोल्युईन स्वतः २८५ च्या खाली प्रकाश अडवतं, त्यामुळे त्याखालचं काही वाचू नका. वजन करून घेतलेल्या फुलरीनची प्रमाण द्रावणं आधी मोजून रेषा काढून ठेवा. ४०७ च्या जवळ एक छोटं टोकदार शिखर दिसतं, ते सी-६० ची ओळख समजा.

आकडे हलण्याची कारणं बहुधा हातातल्या साहित्यात असतात. माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. औषधाच्या दुकानातली साधी प्लास्टिकची सिरिंज घेऊन मी टोल्युईनचं द्रावण गाळत होतो. दांड्याच्या टोकाचं काळं रबर टोल्युईन पिऊन फुगलं आणि मध्येच अडकलं. जोर लावला, गाळणी निसटली आणि जांभळे थेंब कोटावर उडाले. रबरातून काय काय द्रावणात उतरलं ते वेगळंच. काचेची सिरिंज आणि पीटीएफईची (टेफ्लॉनची) गाळणी वापरा. पॉलिस्टायरीनची स्वस्त क्युव्हेट (मापकात नमुना ठेवायची चौकोनी कुपी) टोल्युईनमध्ये धुरकट होऊन विरघळायला लागते, तीही नको, क्वार्ट्झची घ्या. आणि गाळताना तापमान बदललं तर गाळणीतच स्फटिक पडू शकतात, म्हणून सिरिंज आणि गाळणी आधीपासून त्याच तापमानाला ठेवा.

१३. काजळीतून सी-६० आणि सी-७० वेगळं कसं काढतात?

आधी काजळी सॉक्सलेटमध्ये (तोच द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून धुणाऱ्या काचेच्या उपकरणात) टोल्युईनने धुतात. फुलरीन खाली उतरतं, बाकीचा कार्बन थिंबलमध्ये, म्हणजे आतल्या कागदी नळीत, राहतो. उतरलेल्यात बहुतांश सी-६०, बऱ्यापैकी सी-७० आणि थोडे मोठे पिंजरे असतात.

मग स्तंभ, म्हणजे भुकटी भरलेली उभी काचेची नळी. सक्रिय कोळसा आणि सिलिका जेल मिसळून स्तंभ भरला आणि वरून टोल्युईन सोडलं की आधी जांभळा पट्टा सरकत येतो, मागून लालसर. हा प्रयोग मुलांना दाखवताना खोलीत शांतता होते, कारण वेगळं होणं डोळ्यांनी दिसतं. ॲल्युमिनाच्या स्तंभावर हेक्झेनही चालतं, पण त्यात फुलरीन इतकं कमी विरघळतं की लिटरच्या लिटर द्रावक लागतं.

तिसरी युक्ती १९९४ ची, आणि मला ती फार देखणी वाटते. कॅलिक्सॅरीन नावाचा वाटीसारखा रेणू टोल्युईनमधल्या मिश्रणात घातला की आठ घटकांची वाटी सी-६० ला बरोबर कवेत घेते आणि ते जोडपं तळाशी बसतं, सी-७० वर राहतं. गाळून घेतलेल्या जोडप्यावर क्लोरोफॉर्म घातलं की वाटी क्लोरोफॉर्ममध्ये विरघळते आणि सी-६०, ज्याला क्लोरोफॉर्म मानवत नाही, तसंच गाळात उरतं.

१४. पाण्यातलं फुलरीन विकत मिळतं. प्रश्न ५ मध्ये तर तुम्ही नाही म्हणालात.

ते द्रावण नसून कलिल असतं. टीएचएफमध्ये जे अगदी थोडं उतरतं ते भरपूर पाण्यात ओतून टीएचएफ उडवून लावलं की पाण्यात फुलरीनचे बारीक पुंजके तरंगत राहतात, एकेका पुंजक्यात हजारो गोळे. रंग जांभळा नसून पिवळट-तपकिरी. टोल्युईनचं द्रावण पाण्यावर ठेवून सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी द्रव हलवणाऱ्या यंत्रात) टोल्युईन उडवलं तरी असंच होतं.

ओळखायला सोपं आहे: अंधारात बाटलीतून लाल लेझर सोडा. खऱ्या द्रावणात रेषा दिसत नाही, कलिलात दिसते. ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतून गेलं म्हणजे द्रावण असं मात्र समजू नका, हे पुंजके बऱ्याचदा त्याहून लहान असतात.

एकेक गोळा सुटा ठेवून पाण्यात न्यायचा असेल तर त्याला सोबत लागते. गॅमा-सायक्लोडेक्स्ट्रिनचे दोन रेणू दोन्ही बाजूंनी वाट्यांसारखे बसतात, मध्ये सी-६०. बाहेरून पाण्याला साखरेचा पृष्ठभाग दिसतो आणि पाणी त्याला आपलं म्हणतं.

१५. अमाइनमध्ये भरपूर विरघळलं, पण रंग हिरवट-तपकिरी झाला. हे विरघळणं मोजायचं का?

मोजू नका, ती अभिक्रिया आहे. फुलरीनला इलेक्ट्रॉनची भूक असते. प्रोपिलअमाइनसारखी अमाइनं त्याच्या दुहेरी बंधांवर जाऊन जोडली जातात आणि तयार होणारा नवा पदार्थ विरघळतो. कसोटी अशी: द्रावक उडवून उरलेला घन पुन्हा टोल्युईनमध्ये घाला. जांभळा रंग परत आला तर ते विरघळलं होतं, नाही आला तर बदललं होतं.

याच भुकेचा दुसरा चमत्कार म्हणजे पोटॅशियमसारख्या धातूकडून इलेक्ट्रॉन मिळालं की फुलरीनचा ऋण आयन बनतो आणि त्याचे क्षार टीएचएफमध्ये विरघळतात, त्याच टीएचएफमध्ये ज्यात मूळ फुलरीन उतरत नाही. अर्थात हवेचा स्पर्शही न होऊ देता.

१६. सगळेच कार्बन पिंजरे टोल्युईनमध्ये उतरतात का?

नाही. सी-७४ नेहमीच्या द्रावकांना दाद देत नाही. त्याचे इलेक्ट्रॉन अशा स्थितीत असतात की पिंजरे एकमेकांशीच जोडले जातात, आणि जोडलेलं जाळं विरघळत नाही (प्रश्न २ मधल्या हिऱ्यासारखंच). पोटात धातू असलेल्यांत दोन्ही प्रकार आहेत. सी-८२ मध्ये लँथॅनम असलेला पिंजरा टोल्युईनमध्ये येतो. सी-६० च्या पोटात धातू असलेले बरेचसे टोल्युईनमध्ये येत नाहीत, त्यांच्यासाठी पिरिडीन किंवा ॲनिलीन वापरावं लागतं. म्हणून काजळी टोल्युईनने धुऊन झाल्यावर उरलेलं टाकून देण्याआधी थांबा.

१७. पीसीबीएम आणि फुलरेनॉल म्हणजे काय?

पिंजऱ्याला शेपूट लावून विद्राव्यता वाढवलेली रूपं. पीसीबीएममध्ये एका बाजूला फेनिल गट आणि एस्टरची साखळी असते. त्यामुळे गोळे पूर्वीसारखे घट्ट रचले जात नाहीत आणि क्लोरोबेंझिनमध्ये ते मूळ फुलरीनपेक्षा कितीतरी जास्त विरघळतं. सेंद्रिय सौर घटांत ते बरीच वर्षं मुख्य पदार्थ होतं. फुलरेनॉलवर अनेक हायड्रॉक्सिल गट असतात, ते पाण्यात विरघळतं. मात्र इतके गट लावल्यावर पिंजऱ्याची मूळ इलेक्ट्रॉनरचना बरीच बदललेली असते.

१८. स्फटिक वाळवून वजन केलं तर टाकलेल्यापेक्षा जास्त भरलं!

द्रावक आत बसलाय. प्रश्न ८ मधल्या टोल्युईनच्या जोडस्फटिकात ७२० ग्रॅम फुलरीनमागे १८४ ग्रॅम टोल्युईन असतं. बेंझिनचा जोडस्फटिक तर एका सी-६० मागे चार बेंझिन धरतो. हवेत वाळवून ते पूर्ण जात नाही. निर्वातात, १५० अंश किंवा त्याहून जास्त तापवून, वजन स्थिर होईपर्यंत ठेवा.

१९. रंगाच्या दुकानातलं थिनर चालेल? पेट्रोल?

रंग येईल, आकडा येणार नाही. थिनरमध्ये टोल्युईनबरोबर ॲसिटोन, एस्टर, अल्कोहोल काहीही असतं आणि डब्यागणिक बदलतं. पेट्रोलचंही तेच, वर आगीचा धोका. घरी करून बघू नका.

२०. ऑलिव्ह तेलात विरघळवलेलं सी-६० आयुष्य वाढवतं म्हणून काकांनी मागवलंय. घेऊ द्यावं का?

माझं उत्तर स्पष्ट ‘नाही’ आहे. फुलरीन तेलात विरघळतं हे खरं, ऑलिव्ह तेलात मिलिलिटरमागे एक मिलिग्रॅमच्या थोडं खाली. २०१२ साली उंदीरवर्गातल्या मोजक्या प्राण्यांवरच्या एका प्रयोगात आयुष्य जवळपास दुप्पट झाल्याचं छापून आलं आणि तिथून ही विक्री सुरू झाली. पण २०२१ साली छापलेल्या दुसऱ्या अभ्यासात उंदरांचं आयुष्य वाढलं नाही, उलट उजेड लागलेलं तेल त्यांना विषारी ठरलं. उजेड आणि ऑक्सिजन मिळाला की विरघळलेलं फुलरीन बदलतं, हे आम्ही प्रयोगशाळेतही पाहतो. काकांना प्रेमाने सांगा, बाटली दाखवायला डॉक्टरांकडे घेऊन जा, पण घेऊ देऊ नका.

२१. द्रावण साठवायचं कसं आणि उरलेलं टाकायचं कुठे?

तपकिरी काचेची बाटली, पीटीएफई अस्तराचं झाकण, अंधार. स्फोटरोधक फ्रिज असेल तर त्यात ठेवा. घरगुती फ्रिजमध्ये मुळीच नाही, कारण टोल्युईनची वाफ ४ अंशालाही पेटू शकते आणि त्या फ्रिजच्या आतल्या स्विचमध्ये ठिणगी पडते. बाटलीवर द्रावक, तारीख आणि ज्या तापमानाला संपृक्त केलं ते तापमान, तिन्ही लिहा. मी तिसरं लिहिलं नव्हतं, म्हणून मे महिन्यात गोंधळलो.

मोरीत एक थेंबही नको. हॅलोजन असलेले द्रावक एका कॅनमध्ये, नसलेले दुसऱ्यात, आणि दोन्ही कॅन संस्थेच्या रासायनिक कचऱ्याच्या व्यवस्थेकडे. टोल्युईन असलेल्या कॅनमधून ऊर्ध्वपातन करून ते परत मिळवता येतं, आणि तळाशी उरलेली काळी भुकटी खरवडून ठेवली तर पुढच्या वर्षीच्या मुलांच्या स्तंभासाठी ती पुन्हा उपयोगी पडते.